सँडरचा कागद कधी बदलायचा? झिजलेला कागद ओळखण्याच्या खुणा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात सागवानी झोपाळा आहे. दोन वर्षांपूर्वी घरात लग्न निघालं, म्हणून त्याचा पाट उतरवून पॉलिश करायचं मी मनावर घेतलं. सँडर एकाकडून मागून आणला आणि दुकानातून सहा चकत्या घेतल्या. काटकसर म्हणून त्यातल्या तीन शिल्लक ठेवायच्या असं ठरवलं. दुपारपर्यंत पाट असा गुळगुळीत झाला की तळहात फिरवला तर काच वाटावी. दुसऱ्या दिवशी अक्रोडी रंगाचा स्टेन लावला आणि पाटभर फिकट ठिपके उमटले, अगदी नकाशावरच्या बेटांसारखे. मेस्त्रींना बोलावलं. त्यांच्या मते मी लाकूड घासलंच नव्हतं, इस्त्री केली होती. पाट पुन्हा पहिल्यापासून ८० नंबरने घासावा लागला. वाचवलेल्या तीन चकत्या त्यातच गेल्या, वर आणखी चार आणाव्या लागल्या.

सीमाभागात काय किंवा गोव्यात काय, गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर घरोघरी हे काम निघतं. दारं, पाट, देव्हारा, जुनी कपाटं. आजकाल हाताने घासणारे कमी झाले, मशीन आलं. पण मशीन किती वॉटचं आहे यावर जेवढी चर्चा होते, तेवढी त्याखालच्या कागदावर होत नाही. खरं तर लाकूड कापतो तो कागद. मशीन त्याला फक्त हलवतं.

कागद झिजतो म्हणजे नेमकं काय होतं

सँडपेपरमध्ये वाळू नसते. पूर्वी कुटलेली काच चिकटवत, म्हणून आपल्याकडे त्याला काचकागद म्हणायचे. त्याच्याही आधी खरवतीसारख्या झाडांची खरखरीत पानं घासकामाला वापरली जात. आजच्या कागदावर बहुतेक वेळा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. काळ्या, पाण्यात चालणाऱ्या कागदावर सिलिकॉन कार्बाइड असतं. चांगल्या कारखान्यात हे कण विजेच्या भाराने ओढून कागदावर उभे बसवतात, म्हणजे प्रत्येकाचं टोक वर राहतं. नवा कागद बोटाला टोचतो तो यामुळे.

कागदाचा नंबर म्हणजे कणांची बारकाई. ८० नंबरचा कण साधारण ०.२ मिलिमीटरचा, १२० नंबरचा ०.१२५ मिलिमीटरचा आणि २२० नंबरचा त्याच्याही जवळपास निम्मा. नंबर वाढला की कण बारीक होतो.

आता हा कागद तीन तऱ्हांनी निकामी होतो. पहिली म्हणजे कणांची टोकं बोथट होतात. दुसरी, कण डिंकातून सुटून गळून पडतात आणि मागे टक्कल राहतं. तिसरी, कणांच्या मधली जागा भुशाने, राळेने किंवा जुन्या पॉलिशच्या चिकट्याने भरून जाते. या तिसऱ्या प्रकारात कण अजून धारदार असू शकतात, फक्त ते गाडले गेलेले असतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण भरलेला कागद साफ होतो, बोथट झालेला नाही.

झिजलेला ८० म्हणजे १२० नव्हे

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर जरा थांबायला हवं. बरेच जण म्हणतात, "८० चा कागद जुना झाला ना, मग तोच आता १२० चं काम करेल." ऐकायला पटतं. पण झिजताना सगळे कण सारखे झिजत नाहीत. बहुतेक बोथट होतात आणि काही मोठे कण तसेच टोकदार उभे राहतात. परिणाम असा की चकती बहुतेक ठिकाणी नुसती घासटते आणि मधूनच ८० नंबरचा खोल ओरखडा ओढते. १२० नंबरचा नवा कागद सगळीकडे एकसारखे उथळ ओरखडे काढतो, आणि ते पुढच्या नंबराने सहज निघतात. जुन्या ८० चे तुरळक खोल ओरखडे मात्र १८० पर्यंत टिकून राहतात आणि पॉलिशचा हात लागला की उठून दिसतात. तेव्हा शिव्या पॉलिशवाल्याला बसतात.

दुसरं नुकसान माझ्या पाटाचं झालं ते. बोथट कण तंतू कापत नाहीत, त्यांना दाबून चकचकीत करतात. लाकडाची तोंडं मिटतात. अशा जागी स्टेन कमी शोषला जातो आणि रंग फिकट बसतो. जिथे कागद नवा होता तिथे रंग गडद. घासून झाल्यावर दोन्ही जागा हाताला सारख्याच गुळगुळीत लागतात, म्हणून चूक कळते ती रंग लावल्यावरच. (चकाकी आणायला घासणं ही वेगळी कला आहे. वडोदऱ्याजवळच्या संखेड्याचं लाखेचं फर्निचर केवड्याच्या पानाने आणि अकीकाच्या दगडाने घोटतात. पण ते रंग चढल्यावर, आधी नव्हे.)

खुणा कुठल्या

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे भुसा. नवी चकती लावली की पिशवीत भराभर भुसा जमतो. मशीनला पिशवी नसेल तर लाकडावर त्याची रेघ दिसते. मशीन तेवढंच चालतंय, वेळही तेवढाच जातोय, पण भुसा कमी पडायला लागला की समजायचं, कागद कापायचा थांबला. मी तर आता पहिल्या मिनिटाला किती भुसा पडला ते मुद्दाम बघून ठेवतो.

दुसरी खूण आपल्याच हातात असते. नव्या कागदावर मशीनवर हात नुसता ठेवावा लागतो. कागद झिजला की आपण नकळत दाबायला लागतो. खांदा भरून आला, मनगट दुखलं, तर आपलं वय झालं असं समजण्याआधी चकती उलटी करून बघा. आणि दाबण्याने काम होत नाहीच, उलट बिघडतं. रँडम ऑर्बिटल सँडरची चकती एकाच वेळी थरथरते आणि फिरते. जास्त दाबलं की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. मग एकाच जागी डुकराच्या शेपटीसारखे बारीक वेटोळे उमटतात. चकती फिरते का हे बघायला तिच्या पॅडच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवावी. चालू मशीनवर ती रेघ हळू फिरताना दिसली तर ठीक. एका जागी थांबली तर हात हलका करा, आणि हलक्या हाताने काम होत नसेल तर कागद बदला.

वेटोळे दिसले की कारण बहुतेक वेळा कागदच असतो. कणांमध्ये अडकलेला कचऱ्याचा एखादा खडा किंवा चिकट्याची गुठळी गोल फिरत राहते आणि लाकडावर सही करून जाते. हे ओरखडे दिव्याखाली सरळ बघितलं तर दिसत नाहीत. खोलीतला मोठा दिवा बंद करून मोबाइलची बॅटरी लाकडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली की लगेच उघडे पडतात.

वास आणि ऊब याही खुणा आहेत. साग घासताना त्याचा तेलकट वास येतोच, तो वेगळा. जळका वास आला, लाकूड हाताला गरम लागलं, कडेला तपकिरी छटा दिसली, तर कागद कापत नाही, घासटतोय. चीडाच्या लाकडावर, म्हणजे खोक्यांच्या पाइनवुडवर, ही ऊब आणखी घात करते. राळ वितळते, कागदावर बसते आणि थंड झाली की दगड होते.

डोळ्यांनी बघायचं तर प्लग काढून चकती उजेडात तिरकी धरा. नव्या कागदाचा रंग मंद, एकसारखा असतो. झिजलेल्यावर चकचकीत पट्टे दिसतात, बहुतेक वेळा कडेला, कारण आपण मशीन कलतं धरतो. काळपट, तेलकट थापे म्हणजे कागद भरलाय. खालचा कागद किंवा कापड दिसतंय म्हणजे कण गेले. शेजारी त्याच नंबरची कोरी चकती ठेवून दोन्हींवर बोट फिरवलं तर शंका उरत नाही. एकट्या जुन्या कागदावर बोट फिरवून मात्र निर्णय घेऊ नका, तो नेहमीच "बरा आहे की" असा वाटतो.

पेन्सिलीची परीक्षा

ज्यांना अंदाजावर विसंबायचं नाही त्यांच्यासाठी ही सोपी रीत. घासायच्या भागावर साध्या पेन्सिलीने हलक्या तिरप्या रेघा मारा. नवी चकती लावून मशीन एकसारखं फिरवा आणि रेघा पुसायला किती फेऱ्या लागल्या ते मोजा. समजा चार लागल्या. पुढे दर थोड्या वेळाने तशाच रेघा मारून बघायचं. सात-आठ फेऱ्या लागायला लागल्या की चकतीचं आयुष्य संपलं. त्याच रेघांमुळे कुठे घासायचं राहिलं तेही दिसतं, म्हणजे एका कामात दोन कामं. पेन्सिल हलकीच चालवा, खोल गेली तर तिचीच रेघ लाकडात राहते. आणि बॉलपेन नको, त्याची शाई लाकडात मुरते.

किती वेळ चालतो?

याला एक आकडा नाही. माझ्या हाताला कोऱ्या सागावर ८० नंबरची साधी पाच इंची चकती पंधरा-वीस मिनिटं नीट चालते, पण दुसऱ्याच्या हाताला कमी-जास्त भरेल. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे तो रंध्याच्या पात्यासारखाच कागदही लवकर बोथट करतो. जुन्या रंगावर किंवा व्हार्निशवर तर कागद मिनिटांत भरतो, कारण उष्णतेने रंग मऊ होऊन चिकटतो. तिथे बारीक नंबर घेणं म्हणजे पैसे जाळणं. ४० किंवा ६० नंबरने, कण विरळ बसवलेल्या कागदाने सुरुवात करावी. अशा कागदावर कणांनी सगळी जागा व्यापलेली नसते, म्हणून भुशाला निसटायला वाट राहते. काही कागदांवर पांढुरकी पावडर असते, ती स्टिअरेटची. ती भुसा चिकटू देत नाही. रंग आणि लांबी घासायला असा कागद चांगला.

जुनं फर्निचर असेल तर घासण्याआधी खिळे शोधा. वर आलेलं एक खिळ्याचं डोकं नवी चकती एका क्षणात फाडतं. आणि जो कागद लोखंडावर वापरला तो पुन्हा लाकडावर नको. लोखंडाची पूड साग, बाभूळ अशा टॅनिन असलेल्या लाकडात बसते आणि ओल लागली की काळे डाग पडतात.

चकतीवरची भोकं पॅडच्या भोकांशी जुळवून लावणं हीही कागद वाचवण्याचीच युक्ती आहे. भोकं जुळली नाहीत तर भुसा ओढला जात नाही, तो चकतीखालीच दळला जातो आणि कागद अर्ध्या वेळेत भरतो. घाईत चकती कशीही थापणारे बरेच जण आहेत. दहा सेकंद वाचतात, पण चकती जाते.

साफ करून पुन्हा वापरता येतो का

भरलेला असेल तर हो. बाजारात यासाठी कच्च्या रबराची कांडी मिळते. चालू सँडरवर किंवा बेल्टवर ती हलकी टेकवली की अडकलेला भुसा रबराला चिकटून निघतो. जुन्या क्रेप तळव्याच्या चपलेचा तुकडाही हे काम करतो. हवाई चपलेचं रबर मात्र चालत नाही, त्याचा चुरा होतो. चालू मशीनवर हे करताना मशीन घट्ट बसवलेलं असावं आणि बोटं लांब असावीत. हे जमत नसेल तर प्लग काढून नायलॉनच्या ताठ ब्रशने झटका. साफ केल्यावर पुन्हा पेन्सिलीची परीक्षा घ्या. सुधारला तर वापरा, नाही तर तो बोथट झालाय, त्यावर आणखी वेळ घालवू नका.

उतरलेल्या चकत्या टाकायच्या नाहीत. मधला भाग झिजला तरी एखादी कड चांगली असते. कापून दुमडली की पायांच्या गोलाईवर, नक्षीत, कोपरे मारायला हाताने वापरता येते. गंजलेलं विळा-कोयतं घासायलाही चालते, पण मग ती लोखंडाच्याच डब्यात राहू द्या.

बेल्ट सँडरचं वेगळं गणित

बेल्ट सँडरवर झिजेपेक्षा सांधा आधी बघायचा. पट्टा जिथे जोडलेला असतो तिथे कड उठली, दोरे सुटले, किंवा चालताना ठराविक अंतराने थप-थप आवाज आला की पट्टा लगेच काढा, कण कितीही चांगले असोत. जोरात फिरणारा पट्टा तुटला तर लाकडावर खाच पाडतो आणि हातालाही लागतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनेच लावायचा, उलटा लावला तर सांधा उचकटतो. पट्टा एका बाजूला सरकून कडेला घासत असेल तर आधी सरळ करण्याची घुंडी फिरवून बघा. तरीही सरकत असेल तर पट्टा ताणला गेलाय.

रँडम ऑर्बिटल सँडरवर तसंच पॅडकडे लक्ष हवं. चकती वेल्क्रोवर बसते. झिजलेला कागद दाबून चालवला की उष्णतेने वेल्क्रोचे बारीक आकडे वितळतात, मग नवी चकतीही उडते. चकती न लावता मशीन लाकडावर टेकवलं तरी हेच होतं. कागदाचे वीस रुपये वाचवताना शेकड्यांत जाणारं पॅड बदलायची पाळी येते, ती अशी.

कागद आणायचा कोणी?

बऱ्याच घरी सामान मालकाचं आणि मजुरी मेस्त्रीची. इथेच गाडं अडतं. मालकाला वाटतं, परवाच डझनभर कागद आणला, इतक्यात कसा संपला? मेस्त्री दुसऱ्यांदा मागायला कचरतो आणि बोथट कागदावर दिवस ओढतो. हिशेब करून बघा. एका चकतीला दहा-वीस रुपये पडतात. बोथट चकतीवर गेलेला तास दिवसाच्या मजुरीचा आठवा हिस्सा खातो, आणि त्यात घासलं गेलेलं काम पुन्हा करावं लागलं तर दुप्पट. कागद सुरुवातीलाच मोजून आणावा आणि वापरलेल्या चकत्या एका पिशवीत जमवाव्यात. मालकाला त्या हाताने बघता येतात, वाद होत नाही. एका मोठ्या दाराला ८०, १२० आणि १८० या तिन्ही नंबरांच्या चार-चार चकत्या हाताशी असाव्यात. मधला नंबर गाळून थेट ८० वरून १८० वर उडी मारली तर १८० चा कागद ८० चे ओरखडे काढण्यातच संपतो.

धूळ आणि जुना रंग

लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवलं आहे. साग आणि शिसवीच्या धुळीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. नाकाला पंचा बांधून भागत नाही, घट्ट बसणारा मास्क हवा. जुन्या दारांवरच्या ऑइलपेंटबद्दल विशेष जपायला हवं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपेक्षा कमी ठेवण्याचा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ते पोरांना सगळ्यात वाईट. असा रंग सँडरने उडवू नये. रंग काढायचं रसायन लावून खरवडावा, आणि पोराबाळांना त्या खोलीपासून लांब ठेवावं. व्हार्निश घासलेला भुसा पिशवीत रात्रभर ठेवू नका. तापलेला भुसा पिशवीत धुमसून पेट घेऊ शकतो. काम संपलं की पिशवी घराबाहेर रिकामी करा.

पावसाळ्यात

कोकण, गोवा, खानापूर, चंदगड या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कागद ओल धरतो. कागदी पाठीच्या चकत्या वाकड्या होतात, कडा वळतात आणि मशीनवर नीट बसत नाहीत. पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वर वजन ठेवून सपाट ठेवाव्यात. लाकूडच दमट असेल तर भुसा पिठासारखा उडत नाही, लगद्यासारखा चिकटतो. त्या दिवसांत कागद लवकर भरतो तो कागदाचा दोष नव्हे. शक्य असेल तर लाकूड आठवडाभर घरात सुकू द्यावं, आणि मगच मशीन काढावं.

दुकानात मागताना एवढं ध्यानात ठेवा. बेळगाव-निपाणीकडे पॉलिश पेपर म्हटलं की कळतं. इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबादेत रेगमाल म्हणा. वडोदऱ्यात काचपेपर. नंबर सगळीकडे तोच. सोबत मशीनची जुनी चकती न्यावी, म्हणजे इंच आणि भोकांची संख्या चुकत नाही. पाच इंचीत आठ भोकांची सर्रास मिळते, सहा इंचीत मात्र भोकांची मांडणी वेगवेगळी असते आणि घरी आल्यावर पंचाईत होते.